पातं मिटलेलंच राहू द्या: खिशातल्या चाकूची बाकीची कामं

स्वित्झर्लंडच्या सैन्यात १८८९ मध्ये श्मिट-रुबिन ही नवी रायफल आली. साफसफाईसाठी ती खोलावी लागे आणि खोलायला स्क्रू-ड्रायव्हर लागे. शिधाही डब्यांतून येऊ लागला होता, तेव्हा डबा उघडायची सोय हवी होती. शिपायाच्या पाठीवर ओझं आधीच पुष्कळ, म्हणून या सगळ्यासाठी मिळून एकच घडीचा चाकू द्यायचं ठरलं. त्यात चार अवजारं होती: पातं, टोच्या, डबा फोडायचं अवजार आणि स्क्रू-ड्रायव्हर. पुढे जगभर ‘स्विस आर्मी नाइफ’ म्हणून पोचलेल्या चाकूची ही सुरुवात. रोजची भाकरी कापायला चारांपैकी एक, बाकी तिघांना वेगळी कामं.

आपल्याकडे मात्र असा चाकू हातात आला की आधी पातं बाहेर निघतं. त्यानेच प्लगचा स्क्रू फिरवला जातो, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटलं जातं आणि पट्ट्याला भोकही पाडलं जातं. मग टोक मोडतं किंवा बोट कापतं आणि चाकूला नावं ठेवली जातात. खरं तर ही सगळी कामं हा चाकू उत्तम करतो, फक्त ती पात्याची नाहीत. कुठलं काम कुठल्या भागाला द्यायचं आणि का, हे नीट समजून घ्यायला हवं.

## जुनी कल्पना, नवी स्प्रिंग

एकाच मुठीत अनेक अवजारं बसवण्याची कल्पना स्विस नाही. केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात रोमन काळातलं एक घडीचं चांदीचं अवजार आहे. त्यात लोखंडी पात्याच्या जोडीला चमचा, काटा, सुळा आणि छोटी पळीसुद्धा आहे. ते इसवी सनाच्या तिसऱ्या शतकातलं मानतात. आपल्या घरातली खवणीची विळीही त्याच विचाराची. एकाच लोखंडाच्या धारेवर भाजी चिरायची आणि दातेरी टोकावर नारळ खवायचा. स्वयंपाक करणाऱ्या बाईला दोनदा उठावं लागू नये, हा हिशोब त्यामागे आहे.

कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये श्वीत्स प्रांतातल्या ईबाख गावी चाकूंची कार्यशाळा काढली. सैनिकी चाकूची पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगनहून आली होती. १८९१ पासून एल्सनर स्वतः पुरवठा करू लागले. त्यांची खरी हुशारी १८९७ च्या ‘ऑफिसर’ चाकूत दिसते. एकाच स्प्रिंगच्या दोन्ही बाजूंना अवजारं टेकतील अशी रचना त्यांनी केली. पुढच्या बाजूला पाती, मागच्या बाजूला बूच काढायचा स्क्रू. जाडी न वाढवता अवजारं वाढली. आज तुमच्या चाकूच्या पाठीवर जो टोच्या किंवा बूचस्क्रू असतो, तो या कल्पनेमुळे तिथे आहे. एल्सनर यांच्या आईच्या व्हिक्टोरिया या नावाला स्टेनलेस स्टीलसाठी वापरला जाणारा ‘इनॉक्स’ हा शब्द जोडून १९२१ मध्ये ‘व्हिक्टोरिनॉक्स’ हे नाव झालं. लाल मुठीवरची ढाल आणि क्रॉस १९०९ पासूनची.

## पातं मोडतं कशामुळे

हा भाग कळला की पुढचं सगळं आपोआप कळतं.

पोलाद जितकं कडक, तितकी धार जास्त टिकते. पण कडकपणा वाढला की लवचीकपणा कमी होतो आणि वाकवू गेलं तर पोलाद तुटतं. म्हणून चांगला कारखाना एकाच चाकूतल्या वेगवेगळ्या अवजारांना वेगवेगळं पाणी देतो. कडकपणा मोजायला ‘रॉकवेल’ नावाचं माप आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या पात्याचा आकडा साधारण ५६ असतो. कात्री, करवत आणि नखांची कानस ५३ ला. स्क्रू-ड्रायव्हर, ओपनर आणि टोच्या ५२ ला. बूचस्क्रू आणि स्प्रिंगा ४९ ला. हे आकडे नुसते वाचून सोडून देऊ नका. स्क्रू-ड्रायव्हर मुद्दाम मऊ ठेवलेला आहे, कारण त्याला पीळ सोसायचा आहे. स्प्रिंग सर्वांत मऊ, कारण तिला हजारो वेळा वाकून परत यायचं आहे. पात्याला यातलं काहीच करायचं नाही, म्हणून ते सर्वांत कडक.

त्यात आकाराची भर पडते. पट्टीची जाडी निम्मी केली की तिची वाकवण्याला टक्कर देण्याची ताकद एक-अष्टमांश होते. पातं पाठीकडून धारेकडे आणि मुठीकडून टोकाकडे पातळ होत जातं. म्हणजे टोक हा अख्ख्या चाकूतला सर्वांत कडक आणि सर्वांत पातळ बिंदू. झाकण उचकटायला आपण नेमका तोच खाली घालतो आणि मुठीवर जोर देतो. अशा वेळी टोक वाकत नाही, कडकन उडतं, आणि उडालेला तुकडा डोळ्याच्या दिशेनेही जाऊ शकतो. पातं म्हणजे पहार नव्हे, एवढं लक्षात ठेवलं तरी निम्मे अपघात टळतील.

उष्णतेचंही तसंच. नायलॉनच्या दोरीचं टोक वितळवून बंद करायला किंवा प्लास्टिकला भोक पाडायला पातं गॅसवर तापवायची सवय बऱ्याच घरांत आहे. पातं लालसर झालं की कारखान्याने दिलेलं पाणी उतरतं. दिसायला ते तसंच राहतं, पण त्या जागी धार पुन्हा टिकत नाही. दोरीचं टोक लायटरने वितळवा आणि जुन्या चमच्याच्या पाठीने दाबा.

## स्क्रू

खिशातल्या चाकूत सहसा दोन चपटे स्क्रू-ड्रायव्हर असतात. मोठा बाटली उघडायच्या ओपनरच्या टोकाला आणि लहान डबा उघडायच्या ओपनरच्या टोकाला. हल्ली बहुतेक स्क्रू चौफुलीच्या खाचेचे असतात, म्हणून अनेकांना वाटतं की आपल्या चाकूत त्यांच्यासाठी काही नाही. डब्याच्या ओपनरचं ते लहान टोक याच कामाचं आहे. ते चौफुलीच्या खाचेत तिरकं न घालता सरळ उभं बसवा, तळहाताने दाबून धरा आणि मग फिरवा. रिमोटचं मागचं झाकण, मिक्सरच्या तळाचे स्क्रू, बॅटरीवर चालणाऱ्या खेळण्यांचे स्क्रू, एवढं त्याने आरामात होतं.

जोर मात्र फिरवण्यापेक्षा दाबण्यात जास्त हवा. स्क्रू घसरतो तो बहुतेक वेळा दाब कमी पडल्यामुळे. एकदा खाच गुळगुळीत झाली की नंतर कारागीरही हैराण होतो. गंजलेला स्क्रू असेल तर थेंबभर तेल सोडून थोडा वेळ थांबा. आधी जरासा घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग उलटा. तरीही हलत नसेल तर चाकू मिटवा आणि लांब दांड्याचा पेचकस आणा. मुठीतल्या पिना त्या जोरासाठी केलेल्या नाहीत.

चष्म्याच्या काडीचा बारीक स्क्रू ही वेगळी कथा. त्यासाठी बूचस्क्रूच्या वेटोळ्यात बसणारा अगदी छोटा स्क्रू-ड्रायव्हर मिळतो. वेटोळ्यात फिरवून ठेवला की हरवत नाही. पन्नाशीच्या पुढच्या माणसाने तो घ्यावाच.

विजेच्या कामाबद्दल एक सक्त सूचना. बाटलीच्या ओपनरच्या बुडाशी एक छोटी खाच असते, ती वायरचं आवरण काढण्यासाठी. ओपनर अर्धवट मिटवून वायर खाचेत धरायची, गोल फिरवायची आणि ओढायची. हे काम मेन स्विच बंद करूनच करायचं. चाकूची लाल मूठ प्लास्टिकची दिसली तरी आतले थर आणि पिना धातूच्या असतात. विजेपासून तिचा काही बचाव नाही.

## टोच्या: सर्वांत दुर्लक्षित अवजार

माझ्या मते या चाकूत पात्याखालोखाल मोलाचं काही असेल तर हा टोच्या. तरी चाकू वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनीही तो कधी उघडलेला नसतो.

नेहमीच्या ऑफिसर चाकूत तो पाठीच्या मधोमध असतो. उघडला की मुठीशी काटकोन होतो आणि मूठ आडवी तळहातात बसते. सुताराच्या गिरमिटाची पकड हीच. दाब सरळ खाली जातो आणि मनगट फिरवलं की टोच्या फिरतो. त्याच्या एका कडेला धार असते, म्हणून तो नुसता टोचत नाही, कोरत जातो. कमरेचा पट्टा सैल झाला की लाकडाच्या फळीवर तो पालथा ठेवा, आधीच्या भोकांच्या रांगेत पेनाने खूण करा, टोच्या उभा ठेवून दाबा आणि धारेच्या दिशेने फिरवत राहा. चामड्याचा बारीक भुगा वर येऊ लागतो. आरपार गेल्यावर पट्टा उलटवून दुसऱ्या बाजूनेही फिरवा, म्हणजे भोकाची कड स्वच्छ होते. पात्याच्या टोकाने पाडलेलं भोक म्हणजे मुळात एक चीर असते. ती ओढ बसली की लांबत जाते. टोच्याचं भोक गोल असतं, म्हणून फाटत नाही.

काही चाकूंच्या टोच्याला सुईसारखं नेढं असतं. ट्रेकला गेल्यावर सॅकचा पट्टा शिवणीतून उसवला तर त्या नेढ्याची किंमत कळते. जाड दोरा नेढ्यातून ओवा, त्याचं एक टोक लांब सोडा. टोच्या कापडातून आरपार घाला आणि किंचित मागे घ्या. पलीकडच्या बाजूला दोऱ्याचा छोटा फास तयार होईल. त्या फासातून दोऱ्याचं मोकळं टोक ओवून घ्या आणि टोच्या बाहेर काढून दोन्हीकडून ओढा. टाका पडला. दोन गव्हांच्या अंतरावर पुन्हा तेच. मोची आरीने शिवतो त्याच्याच जवळची ही रीत आहे. हा टाका पक्का असतो, एखादा तुटला तरी सगळी शिवण उसवत नाही. सॅकला दातांचा फ्लॉस दोरा म्हणून उत्तम चालतो, कारण तो बारीक असून चिवट असतो.

याशिवाय नारळाचा डोळा फोडून पाणी काढायला, कुंडीऐवजी वापरायच्या प्लास्टिकच्या डब्याला बुडाशी भोकं पाडायला आणि लाकडात खिळा ठोकण्याआधी वाट करून घ्यायला टोच्या आहेच. नारळ मात्र हातात धरून टोचू नका. तो कापडाच्या चुंबळीवर ठेवा आणि धरणारा हात टोच्याच्या वाटेत आणू नका.

## पात्याची पाठ

पात्याची धार नसलेली बाजू हे एक स्वतंत्र अवजार आहे. आल्याची साल काढायला तिच्यासारखं काही नाही. साल तेवढी निघते, आलं वाया जात नाही. बाटलीवरचं चिकट लेबल, टेबलावर सुकलेला डिंक, दाराच्या काचेवर उडालेला रंग हे सगळं पाठीने खरवडता येतं. धारेने खरवडलं तर दोन मिनिटांत धार मरते.

फक्त एक काळजी घ्यायची. पाठीने काम करताना धार तुमच्याकडे किंवा बोटांकडे वळलेली असते. शिवाय पाठीवर दिलेला दाब हा पातं मिटवण्याच्या दिशेचा दाब असतो. म्हणून खरवडण्याचं काम हलक्या हाताचंच. जोर लावायचा असेल तर बाटलीचा ओपनर उघडा आणि त्याच्या चपट्या टोकाने खरवडा. रंगाच्या डब्याचं झाकणही त्यानेच उचकटायचं. एका जागी जोर न देता कडेने फिरत थोडंथोडं उचलायचं.

मासे खवलायला काही जुन्या चाकूंत वेगळी दातेरी पट्टी असते, तिच्यावर इंचांच्या खुणाही असतात. कोकणात कोयतीच्या पाठीने खवले काढणाऱ्यांना तिचं नवल वाटणार नाही.

आग पेटवायच्या फेरोसेरियमच्या काडीवर खसकन ओढून ठिणगी पाडायलाही पात्याची पाठ वापरतात. पण त्यासाठी पाठीची कड काटकोनी आणि खरखरीत हवी. स्विस चाकूच्या पात्याची पाठ त्या मानाने गुळगुळीत असते. त्याऐवजी करवतीची पाठ किंवा टोच्याची कड वापरली की ठिणग्या भरपूर पडतात. सह्याद्रीत दिवाळीनंतर गवत वाळलेलं असतं, तेव्हा हा प्रयोग डोंगरावर करूच नये. एका ठिणगीने अख्खं पठार काळं होतं.

## डबा, बाटली, गाठ

आमरसाचा किंवा रसगुल्ल्यांचा डबा चाकूचं टोक ठोकून फोडणारे लोक मी पाहिले आहेत आणि प्रत्येक वेळी जीव खालीवर झाला आहे. व्हिक्टोरिनॉक्सच्या ओपनरला पुढे धार आणि तिच्याखाली हूक आहे. हूक डब्याच्या काठाखाली अडकवायचा आणि मूठ वर उचलायची. धार पत्र्यात शिरते. मग जरासं पुढे सरकायचं आणि पुन्हा उचलायचं. एका वेळी थोडंच कापा. शेवटचं बोटभर पत्र्याचं झाकण जोडलेलं ठेवा आणि वर वळवा, म्हणजे कापरी कड आत पडत नाही.

बूचस्क्रू वाइनसाठी आहे, पण आपल्याकडे त्याचा खरा उपयोग गाठी सोडवायला. पावसात भिजून घट्ट बसलेली तंबूच्या दोरीची किंवा बुटाच्या नाडीची गाठ नखांनी सुटत नाही. स्क्रूचं टोक गाठीच्या मध्ये फिरवून घाला आणि हलकेच ओढा. गाठ सैल होते, दोरी कापावी लागत नाही. नावाड्यांच्या चाकूत याच कामासाठी जाड सुळा असतो.

## हूक, चिमटा, काडी

मोठ्या चाकूंच्या पाठीवर एक आखूड हूक असतो, तो १९९१ पासून आला. दोरीने बांधलेलं पार्सल उचलायला तो केलेला आहे. भरलेल्या पिशवीचे बंद बोटांत रुततात, तेव्हा ते हुकात घालून मूठ हातात धरायची. सायकलची उतरलेली चेन बोटं काळी न करता बसवता येते. चुलीवरच्या भांड्याची तापलेली कडी उचलता येते. तंबूच्या खुंट्या जमिनीतून उपटता येतात.

चिमट्याला सह्याद्रीत तोड नाही. करवंदीचा किंवा बोरीचा काटा ज्या कोनातून शिरला त्याच कोनातून ओढायचा, वर नाही. काढण्याआधी चिमटा आणि जागा दोन्ही धुऊन घ्या. लाल मुठीत खुपसलेली पांढरी काडी दातांसाठी आहेच, शिवाय मोबाइलच्या चार्जिंगच्या भोकातला कापूस फोन बंद करून काढायलाही ती बरी, कारण ती धातूची नाही.

## बोटं कशी कापतात

बहुतेक स्विस चाकूंत पात्याला कुलूप नसतं. स्प्रिंग पात्याच्या बुडाला दाबून धरते, इतकंच. धारेवर दाब आला, म्हणजे कापताना, तर पातं उघडंच राहतं. पाठीवर दाब आला तर स्प्रिंग हार मानते आणि पातं बोटांवर मिटतं. टोकाने भोसकताना टोक अडकलं की हेच होतं. लाकूड फोडायला पात्यावर दुसऱ्या लाकडाने ठोकणं तर घडीच्या चाकूने करूच नये. त्यात मधली पीन सैल होते आणि पातं कायमचं हलतं राहतं. मुठीने खिळा ठोकला तर मुठीचं प्लास्टिक तडकतं.

कुलपाचे चाकू वेगळे. फ्रान्सच्या साव्हुआ भागातल्या ओपिनेल चाकूला १९५५ पासून फिरणारी कडी आहे. ती वळवली की पातं मिटत नाही. स्विस सैन्याने २००८ मध्ये घेतलेल्या नव्या चाकूतही कुलूप आणि करवत आहे. कुलूप असलं तरी पात्याच्या टोकाचा नियम बदलत नाही.

## पक्कड हवी असेल तेव्हा

चाकूने जे होत नाही त्याचं उत्तर टिम लेदरमन या अमेरिकन इंजिनियरने दिलं. १९७५ मध्ये तो पत्नीबरोबर जुन्या फियाट गाडीतून युरोपभर फिरत होता. खिशात स्काउटचा चाकू होता. गाडी सारखी बिघडे, हॉटेलांचे नळ गळत, आणि प्रत्येक वेळी त्याला चाकूत पक्कड नसल्याचं जाणवे. घरी परतून त्याने वर्षानुवर्षं नमुने बनवले, १९८० मध्ये पेटंट मिळवलं आणि १९८३ मध्ये पक्कडच मुख्य अवजार असलेलं साधन बाजारात आणलं. तुमची कामं मुख्यत्वे नट-बोल्ट आणि तारांची असतील तर तेच घ्या. त्या मानाने ते जड असतं, आणि रोज खिशात राहील ते अवजार जास्त उपयोगाचं, असं मला वाटतं.

## बाळगणं

आपल्याकडे विमानात चाकू हातातल्या सामानात चालत नाही, कितीही लहान पातं असलं तरी. तो चेक-इन बॅगेत ठेवा. शहरात पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेश वेळोवेळी लागू होतात, त्या काळात तो घरीच बरा. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींनी तिथला नियम लक्षात घ्यावा: तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, कुलूप नसलेला घडीचा चाकू सार्वजनिक ठिकाणी बाळगता येतो, कुलपाच्या चाकूला सबळ कारण लागतं.

## देखभाल, आणि टोक मोडलं तर

खिशातली धूळ, आंब्याचा रस आणि दोऱ्याचे धागे सांध्यांत साचतात आणि अवजारं घट्ट होतात. कोमट पाण्यात साबण घालून चाकू पाण्याखालीच उघड-मीट करा, पूर्ण सुकवा आणि प्रत्येक सांध्यात थेंबभर तेल सोडा. खाण्याच्या कामाचा चाकू असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन वापरा. खोबरेल थंडीत गोठतं आणि कालांतराने चिकट होतं. कोकणच्या खाऱ्या हवेत स्टेनलेसवरही डाग पडतात, तिथे पावसाळ्यात हे महिन्यातून एकदा तरी करा.

टोक मिलिमीटर-दोन मिलिमीटर उडालं असेल तर चाकू टाकून देऊ नका. टोक परत आणताना धारेच्या बाजूला हात लावायचा नाही, पाठ घासायची. पाठीची रेघ हळूहळू खाली उतरवत धारेला जिथे मिळेल तिथे नवं टोक तयार होतं. हे कुरुंदाच्या दगडावर, पाणी शिंपडत हाताने केलं तर उत्तम. धारवाल्याच्या फिरत्या चाकावर करून घेणार असाल तर त्याला दर दोन-तीन घासण्यांनंतर पातं पाण्यात बुडवायला सांगा. बोटाला चटका बसेल इतकं ते तापू द्यायचं नाही.